चौपालीची किल्ली कुणाकडे?

आज आपण पैशाबद्दल बोलणार आहोत, पण तुमच्या-माझ्या खिशातल्या पैशाबद्दल नाही. सरकार गावाला जो पैसा देतं, शाळेची खोली, विहीर, रस्ता किंवा समाजमंदिर बांधायला, त्याच्याबद्दल. तो कधी कर्ज म्हणून येतो, कधी अनुदान म्हणून. या दोन शब्दांमध्ये फरक काय, हे मला एका कुलपामुळे कळलं.

मी दिल्लीच्या परिसरात राहतो. सुट्टीच्या दिवशी जुन्या गावांमधून भटकायची सवय आहे. मागच्या हिवाळ्यात दिल्लीच्या वायव्येकडच्या एका गावात गेलो होतो. तिथे नवी चौपाल आहे. चौपाल म्हणजे काय? आपल्याकडचा पार आणि समाजमंदिर यांच्या मधली वस्तू समजा. गावकरी तिथे बसतात, पंचायत भरते, लग्नाची वऱ्हाडं उतरतात. तर ही चौपाल छान होती. संगमरवरी फरशी, दारावर नावांची मोठी पाटी. आणि दाराला कुलूप. तीन म्हातारे बाहेर खाटेवर हुक्का ओढत बसले होते. मी विचारलं, ताऊजी, आत का नाही बसत? ते म्हणाले, दिवे बंद आहेत, पाण्याची मोटर जळली आहे, अर्ज दिलाय. किल्ली कचेरीत आहे. मोटर तुम्हीच का नाही बदलत, असं विचारल्यावर ते माझ्याकडे बघत राहिले. सरकारी वस्तूला हात कोण लावणार?

घरी आलो आणि शोधायला लागलो. सरकारनं गावाला, म्हणजे अख्ख्या गावाला, पैसे द्यायला सुरुवात कधी केली?

इंग्रजांच्या काळात शेतकऱ्याला सरकारी कर्ज मिळायचं. त्याला आपण तगाई म्हणतो, इकडे तकावी म्हणतात. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला सावकारांविरुद्ध दंगे झाले, दुष्काळ पडले, आणि १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा व १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा आला. विहीर खणा, बांध घाला, बैल घ्या, बियाणं घ्या. पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे कर्ज खातेदाराला होतं, कारण त्याची जमीन तारण ठेवता येत होती. गावाकडे तारण काय? चौपाल थोडीच जप्त करता येते! म्हणून सगळ्यांच्या मालकीची जी वस्तू, ती या हिशेबात बसतच नव्हती.

दुसरा टप्पा गुडगावचा. आज जिथे काचेचे मनोरे आहेत, त्या जिल्ह्यात १९२० ते १९२७ या काळात एफ. एल. ब्रेन नावाचे डेप्युटी कमिशनर होते. खताचे खड्डे, घरांना खिडक्या, सुधारित वळू, मुलींच्या शाळा, ग्रामीण अर्थशास्त्राची शाळा, असा मोठा धडाका त्यांनी लावला. माणूस तळमळीचा होता, यात शंका नाही. पण सगळं साहेबांच्या जोरावर चाललेलं. त्यांची बदली झाली आणि काम ओसरत गेलं.

मग स्वातंत्र्य आलं. फाळणीनंतर कर्नाल जिल्ह्यात निलोखेडीला एस. के. डे यांनी निर्वासितांना घेऊन दलदलीच्या जमिनीवर नवी वसाहत उभी केली. हा कर्नाल जिल्हा आता एनसीआरमध्ये मोडतो. नेहरूंना तो प्रयोग आवडला आणि २ ऑक्टोबर १९५२ ला देशात ५५ सामूहिक विकास प्रकल्प सुरू झाले. दिल्लीच्या वाट्याला आला अलीपूरचा. डे या कार्यक्रमाचे प्रमुख प्रशासक झाले. तेव्हा देशाच्या तिजोरीची किल्ली एका मराठी माणसाकडे होती, अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांकडे.

आता पैशाची रचना बघा, खरी गंमत तिथे आहे. एका प्रकल्पात साधारण ३०० गावं आणि दोन लाख लोकवस्ती. ज्या कामातून उत्पन्न येतं, जसं सिंचन, त्यासाठी कर्ज. शाळा, दवाखाना, रस्ता यांतून पैसा परत येत नाही, म्हणून त्यांना अनुदान. एकदाच होणाऱ्या खर्चाचा ७५ टक्के वाटा केंद्राचा, पण दरवर्षीच्या खर्चाचा निम्माच, तोही काही वर्षांपुरता. म्हणजे भिंत बांधायला पैसा भरपूर, दिवा लावायला कमी. त्या कुलपाची गोष्ट इथे सुरू होते.

डे यांना हा धोका दिसत नव्हता असं नाही. म्हणून तर लोकवर्गणीचा आग्रह होता. गावानं रोख, सामान किंवा श्रमदान यातून आपला वाटा उचलायचा. पैसा घातला की माणूस वस्तू आपली मानतो, असा विचार. विचार चांगला, पण त्यालाही दुसरी बाजू होती. पश्चिम उत्तर प्रदेशात अभ्यास करणाऱ्या श्यामाचरण दुबे यांनी १९५८ मध्ये लिहिलं की श्रमदानाचा भार गरिबांवर पडला. जमीनदाराच्या शेताकडे जाणारा रस्ता भूमिहीन मजुरानं फुकट बांधायचा! त्याला ती जुनी वेठबिगारच वाटली.

१९५७ मध्ये बलवंतराय मेहता समिती आली. तिचं निदान साधं होतं. लोकांचा पुढाकार हवा असेल तर निर्णय आणि पैसा निवडलेल्या लोकांच्या हाती द्या. यातूनच पंचायत राज आलं. आपल्या महाराष्ट्रात १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आणि इथे मला एक व्यवस्था फार महत्त्वाची वाटते, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. तिचं नाव जिल्हा ग्रामविकास निधी. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातच ती आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीनं उत्पन्नाच्या ०.२५ टक्के रक्कम या निधीत भरायची. त्या पैशातून ग्रामपंचायतींनाच कर्ज मिळतं, दुकानगाळ्यांसाठी, पाण्याच्या योजनेसाठी, पंचायतीच्या इमारतीसाठी. म्हणजे गावांची एक भिशीच म्हणा ना! ज्या गावाला तारण नव्हतं, ते गाव इथे स्वतःच्या नावानं कर्ज घेतं, आणि हप्ता फेडायचा म्हणून गाळ्याचं भाडं वेळेवर वसूल करतं. ज्या पंचायतीचं उत्पन्नच तुटपुंजं, तिला हे झेपत नाही, हेही खरं. तिला अनुदानच लागणार.

पण दिल्लीत? तिथे गाव शहरात सामील झालं की गावसभा संपते आणि तिची सामाईक जमीन केंद्र सरकारकडे जाते. उरलेल्या खेड्यांच्या पंचायतीही १९९० पासून नाहीत. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती झाली, पण निवडणुका झाल्या नाहीत. पैसा थांबलेला नाही. ग्रामविकास मंडळ आहे, २०२४ मध्ये ग्रामोदय अभियानही आलं. चौपाली बांधल्या जातात, पण ती कुणाच्या नावावर घ्यायची, असा धनीच गावात उरलेला नाही.

देशभरात १९९५-९६ पासून नाबार्डचा ग्रामीण पायाभूत विकास निधीही आहे. त्यातून रस्ते, पूल, शाळा होतात. पण ते कर्ज राज्य सरकार घेतं आणि राज्य सरकारच फेडतं. गावाला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून मला वाटतं, कर्ज चांगलं की अनुदान, हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. आधी विचारायचं ते असं, की पैसा कुणाच्या नावावर आला आणि पुढच्या वर्षीचं विजेचं बिल कोण भरणार. ते तीन म्हातारे आळशी नव्हते. त्यांच्याकडून ती वस्तू सांभाळायचा अधिकारच काढून घेतला होता.

तुमच्या गावी ग्रामपंचायत असेल तर या वेळी ग्रामसभेला जा. समाजमंदिर किती लाखांचं झालं हे विचाराच, पण देखभालीसाठी या वर्षी किती ठेवलेत, हेही विचारा. उत्तर काय मिळालं ते मला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.