एस. एस. राजामौली : आदिलाबादच्या अरण्यातून ऑस्करच्या मंचापर्यंत

भारतीय व्यावसायिक चित्रपटाची बाजारपेठ भाषेच्या सीमेपलीकडे नेणाऱ्या दिग्दर्शकांमध्ये एस. एस. राजामौली यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. १० ऑक्टोबर १९७३ रोजी कर्नाटकातील रायचूर जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला. वडील व्ही. विजयेंद्र प्रसाद हे नामवंत पटकथालेखक, तर संगीतकार एम. एम. कीरवाणी हे चुलत बंधू. संकलनाचे प्रारंभिक धडे त्यांनी कोटगिरी व्यंकटेश्वर राव यांच्याकडे गिरवले. पुढे दूरचित्रवाणी मालिकांचे दिग्दर्शन केले.

कारकीर्द

'स्टुडंट नं. १' (२००१) हा त्यांचा पहिला चित्रपट. त्यानंतर 'सिंहाद्री' (२००३), 'छत्रपती' (२००५), 'विक्रमार्कुडू' (२००६) आणि 'मगधीरा' (२००९) या चित्रपटांनी त्यांचे स्थान पक्के केले. 'विक्रमार्कुडू'वरून हिंदीत 'राउडी राठोड', तर 'मर्यादा रामण्णा'वरून (२०१०) 'सन ऑफ सरदार' निघाला. माशीला नायक करणारा 'ईगा' (२०१२) त्यांच्या कल्पकतेची साक्ष देतो. 'बाहुबली'च्या दोन भागांनी (२०१५ व २०१७) तेलुगू चित्रपट देशभरातील प्रेक्षकांपर्यंत पोहोचवला. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली.

आदिलाबादशी नाते

'आरआरआर' (२५ मार्च २०२२) या चित्रपटाच्या दोन नायकांपैकी एक आहे गोंड नेता कोमराम भीम. पैनगंगेपलीकडील तत्कालीन आदिलाबाद जिल्हा ही भीम यांची कर्मभूमी. तेथे तेलुगू आणि गोंडीबरोबर मराठीही बोलली जाते. निजामाच्या वनखात्याकडून आदिवासींची शेते व जंगल हिरावून घेतले जात असताना भीम यांनी लढा उभारला. 'जल, जंगल, जमीन' ही घोषणा त्यांच्या नावाशी जोडली गेली आहे. १९४० मध्ये जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात त्यांना वीरमरण आले. त्यानंतर गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना नेमले. जोडेघाट आता २०१६ मध्ये स्थापन झालेल्या कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे.

इतिहास आणि कल्पना

चित्रपटातील भीम मात्र १९२० च्या सुमारास दिल्लीत ब्रिटिश गव्हर्नरविरुद्ध उभा ठाकतो आणि अल्लूरी सीताराम राजू यांचा मित्र होतो. प्रत्यक्षात या दोघांची भेट झाल्याची नोंद नाही. कथा काल्पनिक असल्याचे निर्मात्यांनीही स्पष्ट केले होते. ऑक्टोबर २०२० मध्ये झळकलेल्या झलकेत भीम मुस्लिम वेशात दिसल्याने वाद उफाळला. आदिलाबादचे तत्कालीन खासदार सोयम बापूराव यांनी त्यास जाहीर विरोध केला. पडद्यावर तो वेश दिल्लीत लपण्यासाठी घेतलेला होता. तथापि, वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न वेशापुरता नव्हता. निजामाच्या सत्तेशी जमिनीसाठी लढलेल्या नेत्याचा शत्रू पडद्यावर बदलला, तर त्याच्या लढ्याचा अर्थही बदलतो.

या संदर्भात अल्लाणी श्रीधर यांच्या 'कोमराम भीम' या तेलुगू चित्रपटाचे स्मरण आवश्यक ठरते. १९९० मध्ये पूर्ण झालेला आणि नंदी पुरस्कार लाभलेला हा चित्रपट प्रेक्षकांसमोर येण्यास २०१० साल उजाडले.

वारसा

'आरआरआर'मधील 'नाटू नाटू' या गीताला मार्च २०२३ मध्ये सर्वोत्कृष्ट मूळ गीताचा ऑस्कर मिळाला. तत्पूर्वी नोव्हेंबर २०२२ मध्ये पणजीतील इफ्फीच्या इंडियन पॅनोरमा विभागातही हा चित्रपट दाखवण्यात आला होता. राजामौली यांनी भीम यांचे नाव जगभर पोहोचवले, हे निर्विवाद. परंतु त्या नावामागील जंगल-जमिनीच्या हक्काचा लढा समजून घेण्यासाठी चित्रपटगृहाबाहेर पडून जोडेघाटकडेच वळावे लागते. तेथे दरवर्षी आश्विन पौर्णिमेला आदिवासी बांधव आपल्या नेत्याला अभिवादन करतात.