हौशी बिनतारी आणि बेचाळीसचे विद्यार्थी

९ सप्टेंबर १९४२ रोजीं, त्या काळच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यांतील नंदुरबार गांवीं, विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर पोलिसांनीं गोळीबार केला. तिरंगा हातीं धरलेला शिरीषकुमार मेहता तेथेंच कोसळला. त्याचें वय अवघें पंधरा वर्षांचें होतें. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हे त्याचे सोबतीहि प्राणांस मुकले. देशांत त्या दिवसांत अशा कितीतरी घटना घडत होत्या. पण वृत्तपत्रांचा कंठ निर्बंधांनीं आवळलेला होता आणि सरकारी नभोवाणीवरून सरकारचीच बाजू ऐकूं येई. एका गांवचें रक्त दुसऱ्या गांवास कळावें कसें, हा त्या वेळचा खरा प्रश्न होता. त्याचें एक उत्तर मुंबईच्या तरुण विद्यार्थ्यांनीं दिलें, आणि त्या उत्तराचें साधन हौशी बिनतारी विद्येंतून आलें.

ही विद्या हिंदुस्थानांत नवीन नव्हती. कलकत्त्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तु यांना १९२१ सालींच हौशी प्रक्षेपणाचा परवाना मिळाला होता. पुढें मोठ्या शहरांतून रेडिओ क्लब निघाले. मद्रासच्या क्लबानें ३१ जुलै १९२४ रोजीं कार्यक्रम प्रक्षेपित करण्यास आरंभ केला, तर मुंबईचें व्यापारी नभोवाणी-केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. म्हणजे या देशांत नभोवाणीचा पाळणा प्रथम हौशी मंडळींनींच हलविला. परंतु १९३९ मध्यें महायुद्ध पेटतांच सरकारनें हौशी परवाने रद्द केले आणि प्रक्षेपक यंत्रें जमा करण्याचा हुकूम सोडला. काल जो छंद होता, तो आज अपराध ठरला.

८ ऑगस्ट १९४२ च्या 'चले जाव' ठरावानंतर पुढारी तुरुंगांत गेले. तेव्हां विल्सन कॉलेजांत शिकलेल्या बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सोबती विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी व विठ्ठलदास झवेरी यांनीं गुप्त नभोवाणी-केंद्र काढण्याचें ठरविलें. यंत्रविद्येची बाजू नरीमन प्रिंटर या हौशी बिनतारी-तज्ज्ञाकडे होती. २७ ऑगस्ट रोजीं 'काँग्रेस रेडिओ'चा आवाज ४२.३४ मीटरवर उमटला. ही लहरलांबी लक्षांत घेण्यासारखी आहे; जगभर हौशी मंडळी वापरीत त्या चाळीस मीटरच्या पट्ट्यांतच ती मोडते. छंदासाठीं राखलेल्या वाटेनेंच स्वातंत्र्याचा निरोप निघाला.

राममनोहर लोहिया व अच्युत पटवर्धन यांच्यासारख्या भूमिगत पुढाऱ्यांचें साहाय्य या केंद्रास होतें. हिंदी व इंग्रजींतून बातम्या व भाषणें होत. चिमूर-आष्टीचे अत्याचार, जमशेदपूरचा संप, असे दडपलेले वृत्तान्त लोकांच्या कानीं पडत. पण प्रक्षेपकाचा एक स्वभावधर्म असतो. जी लहर श्रोत्यापर्यंत पोहोंचते, तीच शत्रूसहि यंत्राचा पत्ता सांगते. दोन निरनिराळ्या ठिकाणांहून दिशा मोजल्या कीं जेथें त्या रेषा मिळतात, तेथें प्रक्षेपक सांपडतो. म्हणून या तरुणांस वरचेवर बिऱ्हाड बदलावें लागे. चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, गिरगांव, महालक्ष्मी, असा त्या यंत्राचा प्रवास झाला.

अखेर दगा झाला तो मात्र लहरींमुळें नव्हे, माणसामुळें. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांच्या हातीं लागलेल्या प्रिंटर यांनीं ठिकाण दाखविलें. त्या संध्याकाळीं उषाबहेन व चंद्रकांत झवेरी प्रक्षेपण करीत असतांनाच पोलिस आंत शिरले. खटल्यांत खाकर यांस पांच वर्षें, उषाबहेनांस चार वर्षें व चंद्रकांत झवेरी यांस एक वर्ष शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी व 'शिकागो रेडिओ'चे नानक मोटवाने निर्दोष सुटले. ज्याच्या हातांत सर्वांत अधिक विद्या होती, त्याचा निर्धार टिकला नाहीं. आणि जिला यंत्राचें ज्ञान थोडें होतें, ती मुलगी चौकशीत मुकी राहिली. विद्येचें मोल तिच्यामागच्या निष्ठेवर ठरतें, याहून कठोर धडा कोणता असावा?

स्वातंत्र्यानंतर, १५ मे १९४८ रोजीं, महू येथें हौशी बिनतारी क्लबाची स्थापना झाली आणि हा छंद पुन्हां उजळ माथ्यानें वावरूं लागला. आज बारा वर्षांचें मूलहि परीक्षा देऊन परवाना मिळवूं शकतें. १९९३ च्या लातूर भूकंपांत आणि २००१ च्या कच्छ भूकंपांत हौशी मंडळींनीं निरोप पोहोंचविले, तेव्हां या विद्येचा लोकोपयोग सर्वांस दिसला.

१ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. सातपुड्याच्या घड्यांत, अक्राणीच्या पठारावर, पावसाळ्यांत वाट तुटली कीं एखादें गांव जगापासून दुरावतें. तेथील महाविद्यालयांत एक प्रक्षेपक, एक तार आणि दहा उत्साही विद्यार्थी एकत्र आले, तर तें केवळ करमणुकीचें मंडळ ठरणार नाहीं. शिरीषकुमाराच्या गांवची वार्ता कोणी दाबूं शकणार नाहीं, याचीच ती एक हमी होईल.