थोरांग ला
नेपाळमधील अन्नपूर्णा परिक्रमेच्या वाटेवरील सर्वांत उंच खिंड. उंची ५,४१६ मी. बहुतेक पदयात्री मनांग गावाकडून चढतात, कारण त्या बाजूने उंची टप्प्याटप्प्याने वाढते. पलीकडच्या मुक्तिनाथकडून एका दिवसात सु. १,६०० मी. चढावे लागते. विरळ हवेची सवय होण्यासाठी मनांगला (सु. ३,५०० मी.) जादा मुक्काम करावाच. डोकेदुखी व मळमळ वाढत गेल्यास खाली उतरणे हाच खरा उपचार. दुपारी वारा जोर धरतो, म्हणून पहाटे अंधारातच निघतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये बंगालच्या उपसागरातील ‘हुदहुद’ चक्रीवादळाच्या अवशेषामुळे येथे प्रचंड बर्फ पडले. अन्नपूर्णा-धौलागिरी परिसरात ४० हून अधिक माणसे दगावली. त्यांत स्थानिक वाटाडेही होते, हे विसरता कामा नये. खिंडीपलीकडे मुक्तिनाथ व काली गंडकी नदीचे खोरे लागते. मराठी देवघरांतील शाळिग्राम याच नदीतले.