सीएचओ मॅडमची कुळकथा

भोकर तालुक्यातल्या एखाद्या उपकेंद्रातून आलेला माणूस घरी दोन नावं सांगतो: नर्सबाई आणि सीएचओ मॅडम. नर्सबाई लस टोचते, गरोदर बायांची नोंद ठेवते. मॅडम बीपी-शुगर बघतात, गोळ्या देतात, पुढं कुठं दाखवायचं ते सांगतात. खुर्च्या शेजारी शेजारी, पण कुळं वेगळी.

नर्सबाईचं कूळ गावाकडचं. नर्सबाई म्हणजे एएनएम. तिचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम १९५०च्या दशकाच्या आरंभी निघाला, तेव्हा भर बाळंतपणावर होता. हिवतापाचा एक, देवीचा एक, कुटुंबनियोजनाचा एक असे कर्मचारी एकाच उंबऱ्यावर पाठवण्यापेक्षा सगळं एकाच्याच हाती द्या, असं कर्तारसिंग समितीनं १९७३ साली सुचवलं. मग १९७७ मध्ये अभ्यासक्रम झाला दीड वर्षाचा. काम वाढलं आणि शिक्षण आटलं! पुढं तो पुन्हा दोन वर्षांचा करावाच लागला.

मॅडमचं कूळ शहरी. बी.एस्सी. नर्सिंग १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोरला सुरू झालं. त्याच वर्षी देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला. ४३ हजार माणसांमागं एक नर्स, असा त्यातला हिशेब, तोही ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. भोकर तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे हिशेबाच्याही बाहेर. पदवीवाली नर्स हवी होती ती मुख्यतः शिकवायला आणि मोठ्या दवाखान्यांचा कारभार बघायला. खेड्यात तिला जागाच नव्हती.

ती जागा आजारांनी करून दिली. देवी गेली, आणि खेड्यातही बीपी अन् मधुमेह येऊन बसले. हे आजार एका सुईनं बरे होत नाहीत. गोळी जन्मभर चालू ठेवायची, आणि त्यासाठी दर महिन्याला तालुक्याला यायचं तर रोज बुडतो. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना आली, उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं करायचं ठरलं आणि तिथं समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजेच सीएचओ, नेमायचं ठरलं. महाराष्ट्रात या पदावर आयुर्वेदाचे पदवीधरही आहेत. नर्सिंगच्या पदवीधरांना आधी सहा महिन्यांचा वेगळा कोर्स करावा लागे. पुढं भारतीय परिचर्या परिषदेनं तो भाग पदवीतच घातला.

परिषदेच्या २०२१च्या अभ्यासक्रमात आठ सत्रं आहेत, क्रेडिट आहेत, पुतळ्यावरचा सराव आहे, संगणकावरच्या आरोग्यनोंदींचा विषय आहे. हे सगळं ठीक. मला मोलाचं वाटतं ते वेगळंच: ठरवून दिलेल्या आदेशांच्या चौकटीत साधे आजार ओळखायचे, औषध द्यायचं आणि न जमणारा रुग्ण वेळेत पुढं पाठवायचा. "डॉक्टरांना विचारून सांगते" एवढंच म्हणायची जिला सवय लावली, तिला आता स्वतः ठरवायला शिकवलं जातंय.

उपकेंद्रात गेलात आणि मॅडम नर्सिंगच्या असल्या, तर विचारा: सहा महिन्यांचा कोर्स वेगळा केलात, की पदवीतच झाला? पदवी कोणत्या काळातली, ते उत्तरावरून साधारण कळेल.