१० डिसेंबर : फिलिपिन्सचा परस्पर सौदा
१८९८ : अमेरिका-स्पेन युद्ध संपवणाऱ्या तहावर पॅरिसमध्ये सह्या झाल्या. स्पेनने क्यूबावरचा हक्क सोडला. पोर्तो रिको आणि ग्वाम अमेरिकेला मिळाले. फिलिपिन्ससाठी मात्र अमेरिकेने २ कोटी डॉलर मोजायचे ठरले. फिलिपिनो क्रांतिनेते एमिलिओ आगिनाल्दो यांनी १२ जूनलाच तिथे स्वातंत्र्य जाहीर केले होते. त्यांचे दूत फेलिपे आगोन्सिल्यो पॅरिसला पोहोचले, पण त्यांना वाटाघाटीत जागाच दिली नाही. ज्यांच्या देशाचा व्यवहार होत होता, त्यांचाच आवाज डावलला गेला, हा उघड अन्याय होता. ६ फेब्रुवारी १८९९ रोजी अमेरिकी सिनेटने ५७ विरुद्ध २७ मतांनी, म्हणजे आवश्यक दोन-तृतीयांशापेक्षा जेमतेम एका जादा मताने, तह मंजूर केला. तोपर्यंत मनिलाजवळ अमेरिकी आणि फिलिपिनो सैन्यांत लढाई पेटलीही होती.