लोणारचं खारं पाणी

राजापेठेतून लोणारला निघालं तरी आपण वऱ्हाडातच असतो. बुलडाणा जिल्हा आपल्याच अमरावती विभागातला. पण लोणार म्हटलं की आपल्याला फक्त उल्का आठवते. 1823 मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं विवराची नोंद केली, 1973 मध्ये आघाताचा पुरावा दगडांतच मिळाला, आणि आपला इतिहास तिथं संपतो. काठचं गाव राहूनच जातं.

गावाचं नावच बघा: लवण, लोण, लोणार. कथेतला राक्षस लवणासुर, त्याला मारणाऱ्या विष्णूचं देऊळ दैत्यसूदनाचं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजल 'ऐन-ए-अकबरी'त लिहितो, की इथं काच आणि साबण करायला लागणारा माल मिळतो. ब्राह्मण मात्र या जागेला विष्णुगया म्हणतात. म्हणजे तीर्थही तेच आणि कच्च्या मालाची खाणही तीच! उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की काठावर क्षार उघडे पडत. लोक ते गोळा करत. त्यातल्या एका प्रकाराला 'दल्ला' म्हणत. तळ्यानं गावाला पोसलं ते असं.

आता गंमत ऐका. या पाण्याचा सामू दहाच्या आसपास, त्यात मासा जगत नसे. पण हिरवं शेवाळ भरपूर. आणि विवराच्या कड्यातून गोड्या पाण्याचे झरे येतात, धारेसारखे. त्यामुळं जेमतेम पावणेदोन किलोमीटर रुंदीच्या या खड्ड्यात खाली खारट पाणी आणि उतारावर दाट झाडी. मोर, वानरं, घोरपडी तिथं, आणि काठाला शेकाटे, टिबुकल्या.

2000 साली अभयारण्य जाहीर झालं. विवरात पूर्वी केळीच्या बागा होत्या, त्या गेल्या. ज्यांची शेती गेली त्यांना ते कसं वाटलं असेल, हेही इतिहासात यायला हवं, नाही का? जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं. लोक घाबरले. पाणी आटून खारटपणा वाढला आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीव फोफावले, एवढंच ते होतं. त्याच वर्षी रामसर यादीत नाव लागलं.

खरी भीती उलटी आहे. गोडं पाणी आणि गावाचं सांडपाणी जास्त उतरलं, तर खारेपण पातळ होतं. इतर कुठल्याही तळ्यात आपण पाणी वाढलं की आनंदतो. लोणारला मात्र आधी विचारावं लागतं, आलेलं पाणी कुठलं?