गाडी नावावर, कर कोणाच्या अंगावर?

मोटारीच्या शोरूममधले कोटेशन वरून खाली वाचत जावे, तसा आकडा फुगत जातो. एक्स-शोरूम किंमत, आरटीओ, विमा, फास्टॅग, ॲक्सेसरीज, एक्स्टेंडेड वॉरंटी, गाडी दहा लाखांच्या वरची असेल तर टीसीएस, काही ठिकाणी हँडलिंग चार्जेस. सगळ्यांत तळाशी ऑन-रोड किंमत. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, गाडी दारात उभी राहते आणि मग घरातले कोणीतरी बिल हातात घेऊन बसते. कोटेशनमधला कर आणि बिलातला कर जुळत नाही. फोन केला की उत्तर ठरलेले: टॅक्स सरकारचा, आमच्या हातात काही नाही. कर खात्याकडे जावे, तर तिथे ग्राहकाची नोंदच नसते. खात्याच्या दप्तरात करदाता म्हणून नाव असते ते डीलरचे.

दोघेही खोटे बोलत नाहीत, हीच तर गोम आहे. विक्रीकर कायद्याने बसतो विकणाऱ्यावर आणि निघतो घेणाऱ्याच्या खिशातून. ज्याच्या खिशातून तो निघतो, त्याला कायद्याने फारसे कधी विचारलेलेच नाही. शोरूममधल्या वादाचा मागोवा घ्यायचा म्हणजे या विचित्र वाटणीचा मागोवा घ्यायचा. त्याचे पहिले टोक नागपुरात आहे.

१९३५ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांना मालाच्या विक्रीवर कर बसवण्याचा अधिकार दिला. नागपुरात बसणाऱ्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारने तो १९३८ मध्ये वापरला, आणि वापरला तो नेमका मोटारींच्या इंधनावर. पेट्रोल आणि वंगणतेलाच्या किरकोळ विक्रीवर पाच टक्के कर लागला. केंद्र सरकारचे म्हणणे पडले की हे तर उत्पादन शुल्कच झाले, आणि ते घेण्याचा हक्क केंद्राचा. प्रकरण नव्यानेच स्थापन झालेल्या फेडरल कोर्टापुढे गेले. सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर, न्यायमूर्ती शाह सुलेमान आणि आपले मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, या तिघांनी डिसेंबर १९३८ मध्ये प्रांताच्या बाजूने कौल दिला. माल तयार होताना घेतला जातो तो उत्पादन कर, विकला जाताना घेतला जातो तो विक्रीकर, आणि दोन्ही एकाच मालावर सुखाने नांदू शकतात.

या कौलाने प्रांतांच्या तिजोरीचे दार उघडले. १९३९ मध्ये राजगोपालाचारींच्या मद्रास सरकारने सरसकट विक्रीकर आणला. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये. पण नागपूरच्या त्या कायद्यात पुढच्या सगळ्या भांडणांचे बीज होते. कर भरण्याची जबाबदारी पंपवाल्याची होती, गाडीवाल्याची नव्हती. सरकारला हे सोयीचे होते. हजारो गिऱ्हाइकांच्या मागे लागण्यापेक्षा मोजक्या दुकानदारांचे दप्तर तपासणे केव्हाही सोपे. दुकानदार तो कर गिऱ्हाइकाकडून कसा आणि किती वसूल करतो, ही त्या दोघांची आपापसातली बाब राहिली.

स्वातंत्र्यानंतर आधी भांडण लागले ते कर कोणत्या राज्याचा यावरून, आणि त्यातही मोटारविक्रेते पुढे होते. मुंबई राज्याच्या १९५२ च्या विक्रीकर कायद्याला युनायटेड मोटर्स आणि इतर मोटारविक्रेत्या कंपन्यांनी आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या पीठाने तो कायदा रद्द ठरवला. राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रश्न राज्यघटनेच्या २८६ व्या कलमाचा होता. समजा, एखाद्याने मुंबईच्या दुकानातून मोटार मागवली आणि तिची डिलिव्हरी नागपूरला घेतली. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशात. मग कर मुंबईचा की मध्य प्रदेशाचा? १९५३ मध्ये बहुमताने निकाल आला की माल जिथे वापरासाठी पोचवला गेला, त्या राज्याचा. म्हणजे मुंबईच्या डीलरने मध्य प्रदेशाच्या खात्यालाही जाब द्यायचा. व्यापाऱ्यांची तारांबळ उडाली. दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, बेंगॉल इम्युनिटी कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आपलाच हा निकाल फिरवला. शेवटी १९५६ मध्ये सहावी घटनादुरुस्ती झाली आणि केंद्रीय विक्रीकर कायदा आला.

राज्याराज्यांतला हा पेच तिथेही पुरता सुटला नाही. शेजारी कर कमी असेल, तर गाडी तिकडून घ्यावी, हा हिशोब लोकांनी लगेच मांडला. महाराष्ट्राने त्यावर १९८७ मध्ये मोटारींच्या प्रवेशावर कर बसवणारा कायदा केला. बाहेरून स्वस्तात आणलेल्या गाडीचा फरक इथे पासिंगच्या वेळी भरायचा. २००० साली राज्यांनी विक्रीकराचे किमान दर ठरवून घेतले, २००५ मध्ये महाराष्ट्रात व्हॅट आला, आणि जीएसटीने २०१७ मध्ये हे राज्यांचे रुसवेफुगवे बऱ्याच अंशी मिटवले. शोरूममधला वाद मात्र मिटला नाही, कारण त्याचे मूळ राज्यांच्या सीमेवर नव्हतेच.

ते मूळ दिसते मद्रासच्या जॉर्ज ओक्स कंपनीच्या खटल्यात. मोटारींचा व्यवसाय करणाऱ्या या कंपनीचा मुद्दा साधा होता. आम्ही गिऱ्हाइकाकडून बिलावर वेगळा दाखवून जो कर घेतो, तो सरकारसाठी घेतो. तो आमच्या विक्रीच्या रकमेत धरून त्यावर पुन्हा कर कसा लावता? सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हे मान्य केले नाही. गिऱ्हाईक देतो ती गाडीची किंमत. बिलावर त्याचे दोन भाग पाडले, तरी कायद्याच्या लेखी तो दुकानदाराला मिळालेला मोबदलाच. कर दुकानदाराचा, तो त्याने आपल्या पैशातून भरायचा.

या निकालाकडे गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिले, तर चित्र वेगळेच दिसते. बिलावर ‘कर’ म्हणून जी ओळ छापलेली असते, ती त्याच्या आणि सरकारच्या मधली नसते. ती त्याच्या आणि डीलरच्या मधल्या सौद्याचा भाग असते. म्हणजे डीलरने चुकीच्या दराने जास्त कर लावला, तर? मुंबईच्या १९५९ च्या विक्रीकर कायद्यात याचे उत्तर होते: असा जादा घेतलेला कर सरकारजमा. गुजरातमध्येही हाच कायदा लागू असल्याने तिथल्या गिरण्यांनी त्याला आव्हान दिले. अजित मिल्सच्या खटल्यात १९७७ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने ही जप्ती वैध ठरवली. हेतू चांगला होता. कराच्या नावाखाली घेतलेला पैसा दुकानदाराने गिळू नये. पण तो ज्याच्या खिशातून गेला, त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट मात्र लांबचीच राहिली.

दरम्यान वादाला एक नवे कारण मिळाले होते, ते म्हणजे वेळ. १९५९ पासून मोटारींच्या वाटपावर सरकारी नियंत्रण होते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट असो की कलकत्त्याची ॲम्बेसेडर, नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. थांबायचे नसेल त्याला ‘ऑन’ द्यावा लागे, आणि त्या रकमेचे बिल मिळत नसे. मारुती ८०० साठी १९८३ मध्ये लोकांनी दहा हजार रुपये भरून रांग लावली. बुकिंग आणि डिलिव्हरी यांच्या मधल्या काळात एखाददुसरे बजेट येऊन जाई आणि कराचा दर बदले. वाढलेला कर कोणी सोसायचा?

याचे उत्तर मालविक्री कायद्यात आधीच होते. १९३० च्या या कायद्यात १९४० साली ६४-अ हे कलम घालण्यात आले आणि १९६३ च्या दुरुस्तीने विक्रीकरही त्याच्या कक्षेत आला. सौदा ठरल्यावर कर वाढला, तर विकणाऱ्याने तेवढी रक्कम वाढवून घ्यावी. कमी झाला, तर घेणाऱ्याने तेवढी कापून घ्यावी. न्याय दोन्हीकडे सारखा. फक्त त्यात एक पळवाट आहे: करारात वेगळे ठरले नसेल तर. बुकिंग फॉर्मच्या तळाशी बारीक टाइपात ‘किंमत व कर डिलिव्हरीच्या दिवशी लागू असतील त्याप्रमाणे’ हे जे वाक्य छापलेले असते, त्याचे महत्त्व इथे कळते. कर वाढला, की ते वाक्य डीलरला तोंडपाठ असते. कर उतरला, की त्याच वाक्यातला ‘कर’ हा शब्द बाजूला राहतो आणि ‘किंमत’ पुढे येते. कंपनीने बेसिक किंमतच वाढवली म्हणून सांगितले जाते.

विसाव्या शतकातले हे वाद बहुधा शोरूमच्या काउंटरवरच विरत. गिऱ्हाइकाला जायला जागाच नव्हती. ती हळूहळू तयार झाली, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. जिल्हा मंचापुढे गिऱ्हाईक वकिलाशिवाय उभा राहू लागला. तिथे प्रश्न कर किती हा नसतो. कबूल केले ते दिले का, आणि सांगितले नव्हते ते घेतले का, एवढाच असतो. करदाता म्हणून जो कोणीच नव्हता, तो ग्राहक म्हणून दारात आला.

एकविसाव्या शतकात बिलावर कराच्या नावाने आणखी ओळी आल्या आणि कर कोणता, कर नसलेला आकार कोणता, हे ओळखणेच अवघड झाले. टीसीएस घ्या. १ जून २०१६ पासून दहा लाखांवरच्या मोटारीवर डीलरने एक टक्का आयकर गोळा करायचा. बारा लाखांच्या गाडीला बारा हजार. खरे तर हा एकमेव पैसा गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. पण कोटेशनमध्ये तो इतर करांच्या रांगेत बसतो, आणि पुष्कळांना गेला तो गेलाच वाटतो. त्यावरही गंमत झाली. या टीसीएसच्या रकमेवर जीएसटी लागतो, असा खुलासा केंद्राने ३१ डिसेंबर २०१८ रोजी काढला आणि ७ मार्च २०१९ रोजी तो दुरुस्त करून लागत नाही असे सांगितले. मधल्या काळात ज्यांची बिले त्या हिशोबाने फाटली, त्यांना सव्वादोन महिन्यांच्या एका परिपत्रकाने आयकरावरही जीएसटी भरायला लावला.

जीएसटी आला तेव्हा मोटारींवर २८ टक्के आणि वर भरपाई उपकर अशी बांधणी झाली. १ जुलै २०१७ ला मोठ्या गाड्यांवरचा एकूण बोजा आधीपेक्षा उतरला, म्हणून लोकांनी धाव घेतली. सप्टेंबरमध्ये उपकर वाढला आणि एसयूव्हीवर तो १५ वरून २२ टक्के झाला. जुलैत बुक करून सप्टेंबरअखेर गाडी मिळालेल्यांच्या बिलात सात टक्के आणखी आले. नियम स्पष्ट होता, सांगितला कोणी नव्हता. दर बदलताना तीन तारखा पाहतात: माल दिल्याची, बिलाची आणि पैशाची. तिघींपैकी दोन ज्या बाजूला पडतील, त्या बाजूचा दर.

२०२५ मध्ये हाच नियम उलट्या दिशेने लागला. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करण्याचे जाहीर केले, ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने दर ठरवले आणि २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, ते लागू झाले. छोट्या पेट्रोल गाडीवर २८ अधिक १ टक्का होता, तो १८ झाला. करापूर्वी सहा लाखांची गाडी धरली, तर कर १ लाख ७४ हजारांवरून १ लाख ८ हजारांवर आला. फरक ६६ हजारांचा. गणपतीत पैसे भरून, बिल फाडून ठेवलेल्याने गाडी नवरात्रात घेतली, तरी दोन तारखा आधीच्या असल्याने त्याला जुनाच दर. ज्याने पैसे आधी भरले, पण बिल आणि गाडी घटस्थापनेनंतर घेतली, त्याला नवा. गाडी तीच, शोरूम तेच. ६६ हजार बिलावरच्या तारखेने ठरले. डीलरचीही बाजू होती. जुन्या साठ्यावर त्याने कंपनीला दिलेला उपकर खात्यात पडून राहिला, कारण वळता करायला नवा उपकरच उरला नव्हता.

यातली विसंगती अशी की दरकपातीचा लाभ गिऱ्हाइकापर्यंत पोचावा म्हणून जीएसटी कायद्यात १७१ वे कलम होते. त्यासाठी २०१७ मध्ये नफेखोरीविरोधी प्राधिकरण आले, २०२२ अखेर ते काम स्पर्धा आयोगाकडे गेले, मग अपील न्यायाधिकरणाकडे. आणि १ एप्रिल २०२५ पासून नव्या तक्रारी घेणेच थांबले. म्हणजे मोटारींवरची मोठी करकपात आली, तेव्हा त्या दाराला सहा महिने आधीच कुलूप लागले होते. सरकारने मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर जीएसटीचा वेगळा विभाग उघडला. जादा घेतलेला कर परत मागण्याची सोय कायद्यात आता कागदावर आहे, पण आपण तो सोसला हे ग्राहकालाच सिद्ध करावे लागते.

नागपूरच्या पेट्रोलपासून घटस्थापनेच्या बिलांपर्यंत करदाता बदललेला नाही. म्हणून ग्राहकाची खरी सनद कर कायद्यात शोधण्यापेक्षा बुकिंग फॉर्ममध्ये लिहून घ्यावी: बेसिक किंमत वेगळी, प्रत्येक कराचा दर वेगळा, आणि दर उतरला तर फरक ग्राहकाचा, हे एक वाक्य शोरूमच्या सही-शिक्क्यासह. पैसे भरताना हे वाक्य लिहून द्यायला डीलर का-कू करत असेल, तर दर बदलल्यावर तो काय करील, हे ओळखायला बिल येईपर्यंत थांबायची गरज नाही.